मी यांना परत आणीन

गेल्या गुरुवारी माझ्या बायकोनं मला लेखी सांभाळायला घेतलं. सही तिची, तारीख त्या दिवशीची, साक्षीला फुटपाथवरची दहा-बारा माणसं. डिसेंबरात व्हिएन्नाला जायचं तर दुसरा मार्गच नाही, असं एका परक्या गृहस्थांनी ठरवलं आणि तिनं ते फारसा विचार न करता मान्य केलं. त्या ‘फारसा विचार न करता’चा मला अजून राग आहे.

व्हिएन्ना ही तिचीच निवड. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तिथल्या सेंट स्टीफन कॅथीड्रलची पुमेरिन नावाची वीस टनांची घंटा वाजते आणि ती थांबली की लोक भर रस्त्यात वॉल्ट्झ नाचतात, हे तिनं कुठंतरी पाहिलं. मूळ घंटा १७११ साली ओतली, ती तुर्कांनी १६८३च्या वेढ्यात मागं टाकलेल्या तोफांपासून. १९४५च्या आगीत ती खाली पडून फुटली, मग १९५१ मध्ये नवी ओतली. आमच्या सोसायटीत ३१ डिसेंबरला जे वाजतं त्याचंही वजन वीस टनांच्या आसपास असावं, पण त्यावर वॉल्ट्झ होत नाही, पोलीस येतात. तेव्हा व्हिएन्ना.

मला खरं म्हणजे १ जानेवारीच्या सकाळची ती व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची मैफल ऐकायची होती. १९३९च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेली, पुढं १ जानेवारीवर स्थिरावलेली, सोनेरी सभागृहातली, नव्वदहून जास्त देशांत टीव्हीवर दिसणारी. तिची तिकिटं सोडतीनं मिळतात आणि सोडतीसाठी नाव आदल्या फेब्रुवारीत नोंदवायचं असतं. म्हणजे डोंबिवलीत पंखा चारवर करता करता पुढच्या जानेवारीच्या थंडीत काय ऐकायचं ते ठरवायचं. आणि सोडतीत नंबर लागला तरी तो भाव बघून आपण म्हणणार, की टीव्हीवर आवाजही जास्त स्वच्छ येतो. म्हाडाच्या सोडतीत निदान घर तरी मिळतं.

असो. तर गुरुवारी सकाळी आम्ही मुंबईतल्या त्या व्हिसा अर्ज केंद्राबाहेर उभे होतो. उभे, कारण वेळेच्या पंधरा मिनिटं आधीपेक्षा लवकर आत घेत नाहीत, आणि डोंबिवलीहून निघणारा माणूस कुठंही एक तर दीड तास आधी पोचतो किंवा पोचतच नाही. बाहेर बसायला काही नाही. सगळे छातीशी फायली धरून भिंतीच्या सावलीत ओळीनं.

एक काका मात्र बसले होते. त्यांनी घडीचं स्टूल आणलं होतं. वय सत्तरीच्या पुढं, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर पट्ट्या लावलेली पंख्यासारखी उघडणारी फाइल. विलेपार्ले पूर्व, हे त्यांनी न विचारता सांगितलं. ‘पूर्व’वर जोर देऊन.

“बघू फाइल,” काका म्हणाले.

मला वाटलं, केंद्राचेच असतील. मी दिली.

“व्हिएन्ना. ख्रिसमसला.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. विसर्जनाच्या दिवशी लालबागमध्ये गाडी पार्क करायला जागा विचारणाऱ्याकडे बघावं, तसं. “सूर्य किती वाजता मावळतो तिथं?”

“चारच्या सुमाराला.”

“म्हणजे माहीत आहे. माहीत असून चाललात. नव्वद युरो फी, वर ह्यांचा सर्व्हिस चार्ज, वर विमान, आणि बघणार काय? अंधार. अंधार काय डोंबिवलीत नाही?”

“हल्ली बऱ्यापैकी असतो,” बायको म्हणाली. काकांना ती तिथंच आवडली.

मग त्यांनी आमचा दिवसवार कार्यक्रम काढला. हा कार्यक्रम म्हणजे आपण कोणत्या तारखेला कुठं असू याचा, महिनोन्महिने आधी लिहून दिलेला तक्ता. आपण उद्या कुठं असू हे देवालाही सांगता येत नाही, पण वकिलातीला लागतं. अख्खी दुनिया तो तक्ता व्हिसापुरता लिहिते आणि विमानात बसली की विसरते. काकांनी मात्र तो रेल्वेचं टाइमटेबल तपासावं तशा गांभीर्यानं घेतला. पेनाचं टोपण काढलं.

“२४ला दुपारनंतर खरेदी. कोण थांबलंय तुमच्यासाठी? दुपारी शटर खाली. २५ सुट्टी. २६सुद्धा सुट्टी, सेंट स्टीफनचा दिवस. मध्ये रविवार आला तर तोही गेला, तिथं रविवारी दुकानं उघडत नाहीत. आणि हे काय, २७ला राटहाउससमोरचा, म्हणजे नगरभवनासमोरचा नाताळबाजार? अहो, तो २६ला आटोपतो! त्यापेक्षा शॉनब्रुनच्या राजवाड्यासमोरचा लिहा, तो नव्या वर्षापर्यंत चालतो. आणि तिथं दारूचा कप घ्याल, त्याचं डिपॉझिट घेतात. कप परत केला की पैसे परत.”

“दारू नाही, ग्लूवाइन. गरम मसाल्याची—”

“गरम केली म्हणून काढा होत नाही ती.” आणि मग बायकोकडे वळून, आवाज खाली आणून: “वहिनी, साजूक तूप नेऊ नका. दूध-दुभतं आणि मांस, दोन्ही नेता येत नाही युरोपात. लाडू न्यायचेच तर वनस्पती तुपातले न्या.”

बायकोचा चेहरा उतरला. आमच्या घरात वनस्पती तुपाचं नाव काढलं की माझी आई उठून आत जाते.

एव्हाना आजूबाजूचे लोक सरकत सरकत जवळ आले होते. एक मुलगी शिकायला निघाली होती, एक जोडपं हनिमूनला. आणि आता काकांनी माझं बँक स्टेटमेंट उघडलं. सगळ्यांसमोर. मी हात पुढं केला, तो त्यांनी फाइलीनंच बाजूला सारला.

“हे काय? सगळा महिना कोरडा आणि मग एकदम चार लाख?”

“एफडी मोडली.”

“त्यांना काय वाटणार? उसने आणून दाखवलेत. आणि हे मध्ये मध्ये आठ हजार, साडेअकरा हजार?”

“मी भाषांतरं करतो. लोक जमेल तसे पैसे देतात.”

“म्हणजे घरी असता.”

“घरी बसून काम करतो.”

“तेच ते.” पेन बायकोकडे वळलं. “वहिनी?”

“बँकेत.”

“पर्मनंट?”

“पर्मनंट.”

काकांनी फाइल मिटली. “मग सोपं आहे. ह्यांना तुमच्यावर अवलंबून दाखवायचं.”

मी म्हणालो, की घराचे अर्धे हप्ते मी भरतो. हनिमूनवाल्या मुलानं ‘बरोबर आहे’ अशी मान हलवली. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाहिल्यावर थांबवली. काकांनी आपल्या फाइलीतल्या ‘कोरे’ अशी पट्टी असलेल्या कप्प्यातून एक कोरा कागद काढला. त्या माणसानं कोऱ्या कागदांनाही पट्टी लावली होती. आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. आधी मराठीत, मग शिकायला निघालेली मुलगी त्याचं इंग्रजी करून देई आणि बायको लिहून घेई. भाषांतर हा माझा धंदा आहे, हे मी नुकतंच सांगितलं होतं.

“‘मी, खाली सही करणार, माझ्या पतीच्या राहण्याचा, जेवणाचा, प्रवासाचा व इतर सर्व खर्च करीन.’”

“इतर म्हणजे काय?” बायकोनं विचारलं.

“किरकोळ,” काका म्हणाले आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. “आता शेवटचं वाक्य. नीट लिहा. ‘व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी मी यांना भारतात परत आणीन.’”

“हे कशाला? मी काय सामान आहे?”

“हेच मुख्य आहे. बाकी सगळं नुसती सजावट.”

आता गंमत बघा. ह्या शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा असतो. आजारी पडलात तर उपचार, आणि तिथंच खपलात तर मृतदेह मायदेशी पोचवायचा खर्च, हे सगळं त्यात बसावं लागतं. म्हणजे मेल्यावर मी परत येईन याची हमी विमा कंपनी घेते आणि तिचा प्रीमियम मी स्वतः भरला आहे. जिवंत परत येण्याची हमी मात्र माझी मी देऊ शकत नाही. घर इथं, आई इथं, अंधार इथं, हे पुरत नाही. जामीन लागतो.

मी जरा चिडूनच विचारलं, “काका, तुम्ही किती वेळा जाऊन आलात युरोपला?”

“एकदाही नाही.”

फाइलीतून त्यांनी एक कागद काढला. प्लास्टिकचं आवरण घातलेला. नकाराचा छापील नमुना होता तो. कारणांची यादी आणि त्यातल्या एका चौकोनात खूण: मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल, याविषयी वाजवी शंका आहे.

“मला म्हणतात, तू तिथं राहशील. मला! पार्ल्यात स्वतःचा ब्लॉक आहे, वर पेन्शन. पण बायको गेली, मुलगा बंगलोरला. एकट्या म्हाताऱ्याला परत कोण आणणार? कुणी लिहून द्यायला नाही, म्हणून नाही म्हणाले. फीसुद्धा परत नाही.” मग कागद कप्प्यात सारून: “आता साडूबरोबर अर्ज केलाय. साडूनं लिहून दिलंय. आमचं गेली कित्येक वर्षं बोलणं नाही, पण ते त्यांना कुठं माहितेय.”

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. मी मुकाट्यानं पत्र फाइलीत लावलं.

पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. व्हिएन्नातल्या एखाद्या इसमाला माझ्यासारखं अजिंठा बघावंसं वाटलं, तर तो घरच्या सोफ्यावर बसून ई-व्हिसा काढतो. न्याय म्हणून हेही सांगतो, की आपला फॉर्म काही कमी नाही. धर्म विचारतो, अंगावरची खूण विचारतो, आणि आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, तेही विचारतो. ऑस्ट्रियातल्या टायरोलच्या डोंगरातला बिचारा गवळी आपली आजी आठवत बसत असेल. पण त्याच्या बायकोकडून कुणी लिहून घेत नाही. तो परत जाणार, हे धरलेलं असतं. तो तर परत जाणारच, राहील कशाला, असं त्याचं सरकारही मानतं आणि आपलंही. हे ‘आपलंही’ मला झोंबतं.

आणि शेंगेन म्हणजे तरी काय? लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक गाव. १४ जून १९८५ला पाच देशांनी तिथं आपसातल्या सीमा खुल्या करायच्या करारावर सह्या केल्या, त्याही नदीतल्या एका बोटीवर. जमिनीवरची अपॉइंटमेंट मिळाली नसावी. आता २९ देश झालेत. आतल्या आत सगळे मोकळे हिंडतात आणि जेवढे ते आत मोकळे, तेवढी बाहेरच्याची फाइल जाड. फी मात्र दर थोड्या वर्षांनी वाढते. जून २०२४ मध्ये ८० युरोंची ९० झाली, ते पत्र न मागता.

आत गेलो. काचेमागची मुलगी तिशीचीही नसेल. तिनं आमच्या फाइलीतल्या स्टेपलच्या पिना एकेक करून उचकटल्या, काकांनी पेनानं दुरुस्त केलेला कार्यक्रम पाहिला, २७ तारखेच्या शॉनब्रुनवर जराही प्रभावित झाली नाही. मग ते पत्र आलं. तिनं ते वाचलं. मी उभा होतो. तिनं वर पाहिलं, बायकोकडे, आणि मला अतिशय गोड आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही थोडं मागं बसता का? मी मॅडमशी बोलते.”

बसलो. माझ्या व्हिसाबद्दल, माझ्याशिवाय, सहा-सात मिनिटं बोलणं चाललं होतं. एकदा दोघी हसल्या. का, ते बायको अजून सांगत नाही. एसएमएस कुणाच्या नंबरवर पाठवायचे, हेही माझ्या मागं ठरलं, त्यामुळे माझा पासपोर्ट कुठं पोचला हे कळायला मला तिच्या लंच टाइमची वाट बघावी लागते.

बाहेर आलो तेव्हा काका एका नव्या कुटुंबाची फाइल चाळत होते. आम्हाला बघून त्यांनी नुसतीच भुवई उंचावली. बायकोनं अंगठा दाखवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. अवलंबित माणसाशी काय बोलणार.

आता नवाच घोळ. हॉटेल फुकट रद्द करायची शेवटची तारीख आहे १० डिसेंबर. व्हिसा ९ला येईल की ११ला, कुणी सांगत नाही. १०च्या आत रद्द केलं आणि ११ला व्हिसा आला, तर त्या आठवड्यात व्हिएन्नात झोपायला घोड्यांचे तबेले तरी शिल्लक असतील का कोण जाणे. आणि नाही केलं आणि व्हिसा नाही आला, तर आम्ही डोंबिवलीत बसून एका रिकाम्या खोलीचं भाडं भरणार. मी म्हटलं, निदान हाताशी काहीतरी असू दे, म्हणून महाबळेश्वरला फोन लावला. ख्रिसमसचा आठवडा. एकच खोली शिल्लक होती. दरीच्या नव्हे, पार्किंगच्या बाजूची. पूर्ण पैसे आधी, रद्द केल्यास परत नाही, आणि रात्रीचा भाव व्हिएन्नापेक्षा चारशे रुपयांनी जास्त.