लिटरेचर: हातातलंच पान मागायला सांगणारा तो मेसेज

'लिटरेचर जिंकण्याच्या पाच हुकमी युक्त्या' हा पत्त्यांच्या एका खेळाबद्दलचा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि सुट्टीतला आमचा चांगला रंगलेला डाव भांडणात संपला. तिची चूक नाही, तिने वाचलं तसं केलं. पण लिहिणाऱ्याने हा खेळ सहा जणांत बसून एकदा तरी खेळलाय का?

खेळ थोडक्यात असा. अठ्ठ्या काढून ४८ पानं, तीन-तीन भिडूंचे दोन गट, प्रत्येकाला आठ पानं. प्रत्येक रंगाचे दोन संच: दुर्री ते सत्ती आणि नव्वी ते एक्का. विरुद्ध गटातल्या एकाकडे नाव घेऊन पान मागायचं. मिळालं तर पुन्हा मागायचं, नाही मिळालं तर ज्याला विचारलं त्याची पाळी. संचातली सहाही पानं आपल्या गटात कुणाकडे आहेत हे बिनचूक सांगितलं की संच आपला.

आता तिसरी युक्ती: 'हातात असलेलंच पान मागा, समोरचे गोंधळतात.' ही युक्ती नव्हे, नियमभंग आहे. पत्त्यांच्या खेळांचे नियम देणाऱ्या, जॉन मॅकलिऑड यांच्या पगॅट या संकेतस्थळावर नियम स्पष्ट आहे: मागणाऱ्याकडे त्या संचातलं एक तरी पान हवं आणि मागितलेलं पान त्याच्याकडे नसावं. म्हणजे प्रत्येक प्रश्नातून दोन खऱ्या गोष्टी कळतात, आणि सगळा हिशेब त्यांवरच चालतो. मी, भाची आणि दादा एका गटात होतो. भाचीने बदामची राणी मागितली. समोरच्या दोघांनी ती आधीच नाकारली होती, आता तिसऱ्यानेही नाकारली. माझ्याकडे नाही, भाची मागतेय म्हणजे तिच्याकडेही नाही, उरला दादा. मी संच जाहीर करताना राणी दादाच्या नावावर टाकली. ती भाचीच्याच हातात होती! आमच्या घरच्या नियमाने संच बाद. समोरच्यांचं काहीच बिघडलं नाही, फसले ते तिचे दोन भिडू. हं, समोरच्याकडे पान नाही हे माहीत असूनही मागता येतं, त्या संचातलं काहीतरी माझ्याकडे आहे हे भिडूला कळावं म्हणून. ते नियमात बसतं.

'कुणाला विचारता याने फरक पडत नाही' हेही साफ खोटं. वाटप झाल्या झाल्या तुम्हाला न दिसणारी ४० पानं असतात, त्यातली आठ एकाकडे. पान मिळण्याची शक्यता पाचात एक. त्याने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे चारात एक, मग तिसऱ्याकडे तीनात एक. शिवाय 'नाही' आलं की पाळी त्याच्याच हातात जाते. तुमची चार पानं ज्याला ठाऊक आहेत त्याला विचारून बघा, त्या संचांतलं पान त्याच्याकडे असेल तर चारही जातील.

'ज्या संचाची पानं जास्त, तोच आधी मागा' हे अर्धं खरं. पाच हातात असतील तर मागा. तीन असतील तर तो संच उघड करण्याआधी विचार करा.

मेसेजमधली आणखी एक युक्ती, डोळ्यांनी खुणा करणं, ही सरळ लबाडी, त्यावर बोलायचंच नाही.

राहिली पाचवी, 'संच जुळला की लगेच जाहीर करा.' सहाही पानं आपल्याच गटात असतील तर समोरच्यांना त्यातलं एकही मागता येत नाही, कारण त्यांच्याकडे त्या संचाचं पानच नसतं. घाई कशाला? पण शेवटच्या प्रश्नाआधी कुणी काय मागितलं हे पुन्हा विचारता येत नाही, त्यामुळे कुणाकडे काय हे विसरायची भीती असेल तर लगेच जाहीर केलेलं बरं. एवढं मात्र त्या मेसेजचं मान्य करावं लागतं.