घरच्या कॉम्प्युटरची ‘पूर्ण ताकद’ उघडायला निघालेल्यांसाठी

‘घरच्या कॉम्प्युटरच्या ५ सिक्रेट ट्रिक, दुकानदार कधीच सांगणार नाही’ हा मेसेज तालमीच्या ग्रुपपासून बचत गटाच्या ग्रुपपर्यंत अख्ख्या कोल्हापुरात फिरून झाला. राजारामपुरीत आमच्या आत्यांकडे तो पोचला आणि त्यातल्या दोन ट्रिक करूनही झाल्या, त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही. ज्यांना तो आला नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे सांगतो. एक, प्रत्येकाला वेगळं अकाउंट काढलं की कॉम्प्युटर स्लो होतो आणि हिशेब गायब होतो. दोन, विंडोजने लपवलेलं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ अकाउंट कमांड देऊन चालू करा, घरातल्या सगळ्यांनी त्यातच काम करा, मशीन पूर्ण ताकदीने चालेल. तीन, नको असलेल्या अकाउंटचं फोल्डर सी ड्राइव्हमधून डिलीट करा. चार, पोरांनी गेम खेळू नये तर आयकॉन उडवा. पाच, सारखी परवानगी मागणारी खिडकी कायमची बंद करा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त वाटोळं त्यानेच होतं.

असं अकाउंट असतं, हे खरं. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, ते विंडोजमध्ये बंद करूनच दिलेलं असतं. पण त्यात जादा ताकद कसली? नेहमीच्या अकाउंटला जो प्रोसेसर आणि जेवढी रॅम मिळते, तेवढीच यालाही मिळते. फरक एवढाच की याला परवानगीची खिडकी येत नाही. नेहमीच्या ॲडमिन (मशीनमध्ये हवे ते बदल करायचे अधिकार असलेल्या) अकाउंटमध्ये प्रोग्राम आधी साध्या अधिकारांवर सुरू होतो आणि जास्त हवे असले की विचारतो. इथे मात्र ब्राउझर असो, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेली भलतीच फाइल असो, जे उघडाल ते पहिल्या क्षणापासून सगळे अधिकार घेऊनच चालतं. न विचारण्यालाच मेसेजवाल्याने ‘ताकद’ म्हटलंय.

त्यावर कडी म्हणजे दिलेल्या कमांडमध्ये पासवर्डचा पत्ताच नाही. घरच्या मशीनवर या अकाउंटला बहुधा पासवर्ड नसतोच. ते चालू झालं की लॉगिनच्या स्क्रीनवर नवं नाव दिसायला लागतं आणि त्यावर क्लिक करणारं सातवीतलं पोरगंही कॉम्प्युटरचं मालक होतं. मुलाच्या साध्या अकाउंटमधून काही इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला, तरी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं, चौकट रिकामी ठेवायची आणि ‘येस’ दाबायचं. झालं काम. पुन्हा विंडोज १० वर याच अकाउंटमधून स्टोअरची काही ॲप उघडायलाच नकार मिळतो, ही ‘पूर्ण ताकदी’ची आणखी एक गंमत.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. विंडोजमधल्या कोणत्या त्रुटी सुरक्षा-अपडेटमधून दुरुस्त करायच्या याचे निकष मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहेत. त्यात दोन यूजरमधली हद्द ही सुरक्षेची सीमा धरलेली आहे. एका यूजरने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फाइल आणि प्रोग्रामना हात लावता कामा नये, असं ते स्पष्ट म्हणतात. परवानगी विचारणारी खिडकी, म्हणजे यूएसी, त्या सीमांच्या यादीत नाही. ती जास्तीची खबरदारी या गटात आहे. म्हणजे ॲडमिन अकाउंटमध्ये बसून खिडकीच्या भरवशावर राहणंसुद्धा कच्चंच. खरी हद्द वेगळ्या स्टँडर्ड, म्हणजे साधेच अधिकार असलेल्या, अकाउंटची. आणि मेसेज ती हद्द मोडून वर खिडकीही बंद करायला सांगतोय! पाचव्या दाव्याला वेगळं उत्तर द्यायची गरज उरली नाही.

आता फोल्डर डिलीट करण्याचं. फोल्डर गेलं तरी अकाउंट जात नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत, ‘प्रोफाइललिस्ट’ नावाच्या ठिकाणी त्याची नोंद राहते. त्या अकाउंटने पुन्हा लॉगिन केलं की विंडोज फोल्डर शोधतं, सापडत नाही म्हणून तात्पुरतं प्रोफाइल उघडून देतं. डेस्कटॉप कोरा. त्यात टाइप केलेलं, सेव्ह केलेलं सगळं साइन आउट करताच पुसलं जातं. घरात कुणी दहावीचा प्रोजेक्ट असा दोनदा टाइप करत बसलं असेल, तर कारण हे. असं झालं असेल तर तिथे काही सेव्ह न करता लगेच साइन आउट करा. ज्या अकाउंटमधून डिलीट केलं त्याच्या रिसायकल बिनमध्ये फोल्डर असेल तर रिस्टोअर करून मशीन रीस्टार्ट करा. फोल्डर मोठं असलं तर ते बिनमध्ये न जाता थेट उडतं, आणि डिस्क एसएसडी (नव्या, वेगवान प्रकारची) असेल तर परत मिळण्याची आशा फार धरू नका.

अकाउंट काढून टाकायचंच असेल तर आधी त्यातले डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स डी ड्राइव्हवर कॉपी करा. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे जाऊन ‘रिमूव्ह’ दाबा. हे बटण फाइलीही पुसतं, म्हणून कॉपी आधी.

पहिल्या दाव्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. नुसतं अकाउंट असण्याने मशीन स्लो होत नाही, ते डिस्कवर थोडी जागा घेतं इतकंच. पण बाबा साइन आउट न करता नुसतं ‘स्विच यूजर’ करून उठले, तर त्यांचा ब्राउझर मागे चालूच राहतो आणि ४ जीबी रॅम असलेल्या मशीनला ते झेपत नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘यूजर्स’ टॅब उघडा, कोण किती मेमरी धरून बसलंय ते दिसेल. उठताना साइन आउट करा, एवढाच इलाज.

हिशेब ‘गायब’ होतो त्यालाही कारण आहे. जुने ३२ बिटचे काही प्रोग्राम आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहितात. साध्या अधिकारांवर तिथे लिहिता येत नाही, म्हणून विंडोज त्या नोंदी गुपचूप त्या यूजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवतं. आईने भरलेल्या नोंदी आईच्या फोल्डरमध्ये, बाबांच्या बाबांच्या. दोघंही म्हणणार, माझं गायब झालं. त्यासाठी सगळ्यांना ॲडमिन करायचं नसतं. दोन्हीकडच्या फाइलींची कॉपी काढा, प्रोग्राममध्ये सोय असेल तर डेटाचं ठिकाण डी ड्राइव्हवर न्या आणि त्या एका फोल्डरवर सिक्युरिटी टॅबमधून ‘यूजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ (बदल करायची परवानगी) द्या.

चौथ्याबद्दल काय बोलायचं? महाद्वार रोडवरच्या दुकानाची पाटी उतरवली म्हणून दुकान बंद होत नाही. स्टार्ट मेनूत नाव टाइप केलं की गेम हजर. खरंच अडवायचं तर पोराचं अकाउंट स्टँडर्ड हवं. मग ॲडमिनमधून गेमच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, ॲड, त्याचं यूजरनेम, आणि ‘रीड अँड एक्झिक्यूट’समोर ‘डिनाय’ (मनाई). नुसत्या गेमच्या फाइलवर लावलं तर अपडेटमध्ये फाइल बदलते आणि बंदी उठते, म्हणून फोल्डरवरच. ‘यूजर्स’ या गटावर डिनाय कधीच लावू नका. डिनाय हा अलाऊवर (परवानगीवर) मात करतो आणि त्या गटात तुम्हीही असता. स्टोअरमधून घेतलेल्या गेमला हा उपाय लागू पडत नाही, त्याला फॅमिली सेफ्टी ही मायक्रोसॉफ्टची पालकांसाठीची सोय लागते आणि तिच्यासाठी मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट. ब्राउझरमधल्या गेमचा प्रश्न तर वेगळाच.

ज्यांनी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ चालू केलंय त्यांनी घाईने उलटी कमांड देऊ नये. आधी दुसरं एक अकाउंट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ प्रकारचं आहे ना ते बघा. नसेल तर अदर यूजर्समधून नवं तयार करा, ‘चेंज अकाउंट टाइप’ने ॲडमिन करा आणि पासवर्ड घाला. त्यात एकदा लॉगिन करून खात्री करा. सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ फोल्डरातली कामाची कागदपत्रं बाहेर काढा. मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून मेसेजमधलीच कमांड द्या, फक्त शेवटी ‘येस’च्या जागी ‘नो’: net user administrator /active:no. घरातल्या बाकीच्यांना नवीन अकाउंट काढायची गरज नाही. आहे त्याचाच प्रकार स्टँडर्ड केला की फाइली जागच्या जागी राहतात.