सगळं क्लाउडवर असताना हार्ड डिस्क कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की फायली वनड्राइव्हवर आपोआप जातात, मग दर आठवड्याला एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा आणि काढा हा जुनाट उपद्व्याप मी लोकांच्या गळ्यात का मारतो? जरा चिडून विचारलंय, पण प्रश्न रास्त आहे.

वनड्राइव्ह काय किंवा गूगल ड्राइव्ह काय, तुमच्या फोल्डरमध्ये जे घडतं तेच तिकडेही घडवतात. त्यांचं कामच ते. इकडे फोटोंचं फोल्डर चुकून डिलीट झालं की तिकडचंही गेलं. रिसायकल बिनमध्ये ते ३० दिवस असतं, कबूल. पण दहा वर्षांपूर्वीचे फोटो दर महिन्याला उघडून कोण बघतं? फाइल नुसती बिघडली तर आणखी पंचाईत, कारण बिघडलेली प्रतही इमानेइतबारे वर चढते. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण त्यांनाही मर्यादा आहे: गूगल ड्राइव्हवर साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या.

आता जोडा-काढा कशासाठी, ते सांगतो. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने (रॅन्समवेअरने) कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या होत्या. कायम जोडून ठेवलेली डिस्क अशा वेळी लॅपटॉपबरोबरच जाते. बॅकअप झाला की केबल काढायची, एवढाच तो उपद्व्याप. बाकी सगळं विंडोजची फाइल हिस्टरी किंवा मॅकचं टाइम मशीन बघून घेतं.

तुमचा दुसरा मुद्दा, की चोरी झाली किंवा आग लागली तर घरातली डिस्कही जाणार, तो मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर क्लाउड बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, या जुन्या नियमात घराबाहेरची जागा क्लाउडचीच.

अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमसकट हुबेहूब प्रत, घेण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. मशीन त्याच दिवशी पुन्हा चालू व्हायलाच हवं असेल तर घ्या. एरवी विंडोज नव्याने टाकता येतं, फोटो नाही.

तुम्ही काहीही निवडा, पण या रविवारी बॅकअपमधली एखादी जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून बघा. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) लावलं असेल, तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, फक्त त्याच लॅपटॉपवर पडून नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या.