‘बाईच अर्ज करत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

गावोगावच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवरा गेला की जमीन आपोआप बायकोच्या नावावर होते, सरकार दरमहा दीड हजार देतं, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख बाईच असते आणि नवऱ्याने टाकलेलीलाही विधवेइतकंच मिळतं. एवढं असून एकटीने घर चालवणारी बाई मागे राहते, कारण ती अर्जच करत नाही. महाराष्ट्रातल्या नियमांनुसार यातला एकेक मुद्दा तपासू.

‘जमीन आपोआप नावावर होते.’ हक्क आपोआप येतो, नोंद येत नाही. नोंदीसाठी आधी मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यू 21 दिवसांत कळवला तर ग्रामपंचायतीत काम होतं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. मग तलाठ्याकडे वारसाचा अर्ज. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यावरून गाव नमुना 6 मध्ये (फेरफारांच्या नोंदवहीत) फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. दिराने एक ओळीची हरकत लिहून दिली की तो ‘तक्रारी फेरफार’ होतो आणि सुनावणीच्या तारखा सुरू होतात. अर्ज तर तिने वेळेत केलेला असतो.

हा झाला सोपा प्रकार, म्हणजे नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असलेला. बऱ्याच घरांत ते नसतंच. सासरे हयात असतात आणि जमीन त्यांच्या नावावर असते. किंवा सासरे गेल्यावर थोरल्या दिराचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून, लागलेलं असतं आणि बाकीचे भाऊ कागदावरून गायब. कर्ता म्हणजे मालक नव्हे, पण गावात त्यालाच मालक समजतात. अशा वेळी सातबाऱ्यावर नावाजवळ दिलेला फेरफार क्रमांक बघून तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावा लागतो. नवऱ्याचं नाव वारसांत असेल तर त्याच्या आधारे नोंद दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सासरे हयात असतील आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर तलाठी काहीच करू शकत नाही. नवऱ्याच्या हिश्श्यासाठी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावावा लागतो. हे काम एका अर्जाचं नाही.

वाट्याबद्दलही गैरसमज मोठा आहे. नवऱ्याची स्वकष्टार्जित जमीन मृत्युपत्राविना राहिली, तर हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखे वाटे मिळतात. चार एकर, दोन मुलं आणि सासू असेल तर विधवेला एक एकर. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून पालकाचं नाव लागतं. वडिलांनंतर नैसर्गिक पालक आईच असते, तेव्हा तिथे काकाचं नाव घातलं असेल तर फेरफार मंजूर होण्याआधीच हरकत घ्यावी. आणखी एक जागा जपायची: वारसनोंदीच्या सह्यांबरोबर हक्कसोडपत्राची, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याच्या कागदाची, सही मागितली जाते. वारसनोंदीला हक्कसोडपत्र लागत नाही. कोणी त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदणीच्या कार्यालयात) चला म्हणालं, तर ते वारसनोंदीचं काम नाही एवढं समजावं. पुन्हा लग्न केलं तर मिळालेला वाटा परत जातो, हीसुद्धा निव्वळ भीती आहे. तो जात नाही.

नाव लागलं तरी पीककर्ज लगेच मिळत नाही. नवऱ्याने गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज उचललेलं असेल तर त्याचा बोजा ‘इतर हक्क’ रकान्यात तसाच राहतो आणि तो उतरेपर्यंत सोसायटी नवं कर्ज देत नाही. (वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तिच्या स्वतःच्या मजुरीवर ते कर्ज बसत नाही.) जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती लागते. वाटप करायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांपुढे सगळ्यांनी राजी हवं. एक जण अडला की पुन्हा कोर्ट.

‘दरमहा दीड हजार मिळतात.’ संजय गांधी निराधार योजनेत विधवेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला 1,750. रोजगार हमीची मजुरी 2024-25 मध्ये रोज 297 रुपये होती. 71 दिवस काम केलं की 21,087 रुपये होतात. वर्षातले 71 दिवस राबणारी बाई खरं उत्पन्न लिहून देईल तर अपात्र. 2024 ला आलेल्या लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे तिथे उत्पन्नाची अडचण येत नाही. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार मिळत असतील तर ती बंद. दोन्ही मिळून तीन हजार मिळतात, असं सांगणाऱ्याने नियम वाचलेला नाही.

‘रेशनकार्डावर तीच प्रमुख.’ खरं आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली 18 वर्षांवरची सर्वांत थोरली स्त्री शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते. एकत्र घरात ती सासू असते. आणि त्या पानावर जमिनीचा काही हक्क मिळत नाही.

‘टाकलेलीलाही तेवढंच मिळतं.’ सगळ्यांत मोठी चूक इथे आहे. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. टाकलेलीकडे तो नसतो. नवरा हयात आहे, म्हणून वारसा उघडत नाही आणि सातबाऱ्यावर तिचं नाव वारस म्हणून लागूच शकत नाही. तिच्या हातात दोन वाटा आहेत. पहिली पोटगी: जुन्या फौजदारी संहितेचं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं आहे. दुसरी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा: त्याच्या कलम 17 खाली सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कुणाच्या का नावावर असेना. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. निवासाचा आदेश मिळाला की तिला घराबाहेर काढता येत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या आकारणीच्या नोंदवहीत, घरमालकाचं नाव मात्र होतं तेच राहतं.