सेव्ह मोजून पिचर कळत नाही हो
आज दुपारी आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकाने टाकलं, बेसबॉलचा पिचर (बॉल टाकणारा) बिली वॅगनर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, कसा काय, ४२२ सेव्ह फक्त, त्याच्यासारख्याच पिचर हॉफमनचे ६०१, रिव्हेराचे ६५२, विषय संपला. खाली पटापट अंगठे. डोकंच फिरलं माझं. पोळ्या लाटायच्या सोडून टाइप करतेय.

अरे सेव्ह म्हणजे काय ते तरी बघा आधी. बारकावे सोडा, मुख्य गोष्ट अशी की नववी म्हणजे शेवटची इनिंग टाकायला आलास तेव्हा टीम तीन किंवा कमी रननी पुढे हवी आणि मॅच जिंकून द्यायची, की मिळाला सेव्ह. चार रननी पुढे असाल तर नाही, बरोबरी असेल तर नाहीच नाही. म्हणजे आघाडी किती ते बॅटर ठरवणार, बोलवायचं कधी ते मॅनेजर ठरवणार, आणि मार्क याच्या नावावर!

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये बाबा न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे आलेले. आयुष्यभर क्रिकेटचा स्कोअर वहीत लिहिणारा माणूस, बेसबॉलमधलं ओ की ठो माहीत नाही, पण आठवडाभरात न्यूयॉर्क मेट्स, वॅगनरची तेव्हाची टीम, म्हणजे आपली टीम झाली. प्लेऑफ म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, कार्डिनल्सबरोबर सात मॅचची मालिका, त्यातली दुसरी मॅच, ६-६, नववी इनिंग, वॅगनर आला आणि त्यांच्या सो तागुचीने होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारला. हरलो ९-६. बाबांनी वहीतून मान वर केली, "अगं, आता परत याच्या हातात बॉल देतील का?"

दिला ना. सहाव्या मॅचला ४-० ने पुढे असताना तोच आला, परत त्या तागुचीने डबल म्हणजे दोन बेसचा फटका मारून दोन रन काढले, बाबा उठून उभेच राहिले, पण जिंकलो ४-२. आता गंमत नाही सांगत, आघाडी चारची होती म्हणून सेव्ह नाही, आणि आधीच्या मॅचला बरोबरी होती म्हणून ती सेव्ह घालवली असंही धरत नाहीत. आमच्या घरात श्वास अडकलेल्या दोन्ही रात्री सेव्हच्या हिशोबात नाहीतच. आणि तुम्ही ४२२ घेऊन बसलाय.

बघायचंच तर हे बघा, ९०३ इनिंगमध्ये १,१९६ स्ट्राइकआउट (स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितके चांगले, २.३१ (हॉफमनचा २.८७, त्याच्याबद्दल आदर आहेच), समोरच्या बॅटरांची हिटची सरासरी .१८७. आणि जन्मतः उजव्या हाताचा हा, लहानपणी तो हात दोनदा मोडला म्हणून डाव्याने टाकायला शिकला.

हो, प्लेऑफमधला ईआरए दहाच्या वर आहे, ते वाईटच. स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, ९०० इनिंग चार-पाच वर्षांत टाकतो तेही खरं. पण ज्याला रोज एकच इनिंग देतात त्याने ती कशी टाकली हे विचारा ना, दुसरी का नाही टाकली हे काय विचारता.

हॉल ऑफ फेमच्या मतदानात २०१६ ला पहिल्यांदा त्याचं नाव आलं तेव्हा १०.५ टक्के मतं. लागतात ७५. २०२४ ला ७३.८, पाच मतं कमी पडली, रडले होते मी. २०२५ ला दहाव्या म्हणजे शेवटच्या संधीला ८२.५. तोवर बाबा राहिले नव्हते. फोन उचलून सांगायचं कोणाला.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. बाबांची वही काढून बसले. त्याच मालिकेतली सातवी मॅच, १-१, नववी इनिंग, मॅनेजरने आठवी टाकलेल्या हाइलमन या दुसऱ्या पिचरलाच ठेवलं, कार्डिनल्सच्या मोलिनाने दोन रनांचा होमरन मारला, सीझन संपला. वॅगनर मैदानात आलाच नाही. बाबा दोन दिवस विचारत होते, "त्याला का नाही आणला गं?"

नवव्या इनिंगसाठी त्यांनी आधीच त्याचं नाव लिहून ठेवलेलं. पुढचे रकाने कोरे आहेत.