२८ मिमीच्या सैनिकाला एचओचं दार पुरत नाही

आमच्या खेळगड्यांत सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. 'टेबलावरच्या युद्धखेळातले २८ मिमीचे सैनिक म्हणजे एचओ स्केल. ओओ पण तेच, रूळ एकच असतात. ओ गेजच्या नादी लागू नका, रूळ फार रुंद दिसतात. मोटारींचं म्हणाल तर हॉट व्हील्स आहेतच.' एचओ, ओओ, ओ ही मॉडेल रेल्वेची मापं. परभणीत आम्ही चौघं १९४८ची पोलीस अॅक्शन टेबलावर मांडतोय, त्यात स्टेशन हवंच. हा मजकूर प्रमाण मानून एकानं एचओचं स्टेशन मागवलं. सैनिक दाराशी उभा केला, तर चौकट त्याच्या छातीला!

मुळात २८ मिमी हे स्केलच नव्हे. ती बाहुलीची उंची आहे, आणि तीही बहुतेकदा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजलेली, कारण हेल्मेट किंवा फेट्याखाली टाळू कुठं संपते ते कळत नाही. १७३ सेंटिमीटरच्या माणसाचे डोळे साधारण १६० सेंटिमीटरवर येतात. भागाकार केला की १:५७ हातात पडतं, म्हणजे खऱ्याचा सत्तावन्नावा भाग. कंपनीगणिक ते १:५६ ते १:६४ असं हलतं. एचओ आहे १:८७. त्यात हाच माणूस २० मिमीचा होतो. वर या सैनिकांची डोकी, हात, बंदुका मुद्दाम थोराड घडवलेल्या असतात आणि पायाखाली तीनेक मिमीची चकती असते, म्हणून फरक आणखीच डोळ्यांत खुपतो. जगात जर्मनी, भारतात परभणी हे खरं, पण जर्मनांचं लाडकं १:८७ परभणीच्या या गड्याला पुरत नाही. तुमचे सैनिक २० मिमीचे असतील तर एचओ-ओओ खुशाल घ्या. १५ मिमीला टीटी, १० मिमीला एन ही रेल्वेची आणखी लहान मापं बऱ्यापैकी जुळतात.

ओओ आणि एचओ एकच? दोन रुळांतलं अंतर एकच, १६.५ मिमी. गाडी नाही. इंग्रजांची इंजिनं आकारानं लहान, त्या काळच्या मोटरी त्यांत मावेनात. म्हणून त्यांनी रूळ तेच ठेवले आणि वरचा सांगाडा १:७६ केला. तरी आपला माणूस त्यात जेमतेम २३ मिमीचा.

खरी गंमत ओ गेजच्या मुद्द्यात आहे. 'रुंद दिसतं' ही तक्रार जिथं रूळ १४३५ मिमीचे, तिथली. १:५६ला ते २५.६ मिमी होतात, मग ओचे ३२ मिमी रुंद वाटणारच. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. तिचे होतात ३०. म्हणजे आजची परभणी मांडायची असेल तर ओचे रूळ जवळपास बरोबर! पण १९४८ला इथं ब्रॉडगेज कुठं होती? निजामाची मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-पूर्णा-नांदेड गाडी मीटरगेजवर धावायची. १००० भागिले ५६, म्हणजे सुमारे १८ मिमी. एचओचा रूळ दीड मिमीनं कमी, टेबलावर कुणाला कळणारही नाही. तेव्हा त्या मजकुरात एक गोष्ट चुकून बरोबर निघाली: रूळ एचओचे घ्या, डबे घेऊ नका. आम्ही एचओच्या चाकांवर पुठ्ठ्याचे डबे चढवतोय.

लातूरकडचा प्रसंग मांडणाऱ्यांची तर चांदीच. तिकडची बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची, म्हणजे बरोबर ३० इंच. ओएन३० या अरुंद रुळांच्या मॉडेल मापाच्या नावातले ३० तेच इंच: स्केल १:४८, रूळ एचओचे. त्यातला माणूस ३६ मिमीचा, आपल्या सैनिकापेक्षा थोडा उंच. चालतं. दोन मीटरचं दार ४२ मिमीचं होतं, चकती आणि फेट्यासकट गडी आत जातो. इमारती मोठ्या दिसल्या तर डोळा माफ करतो, लहान दिसल्या तर करत नाही.

आणि हॉट व्हील्स. डबी ठरलेली, गाडी तिच्यात बसेल तेवढी. म्हणून छोटी मोटार १:६४च्या आसपास असते आणि ट्रक त्याहून आक्रसलेला. एकमेकांशीच ज्यांचं जुळत नाही, ती सैनिकांशी काय जुळणार?

एचओचं स्टेशन वाया गेलं नाही. टेबलाच्या पलीकडच्या काठावर ठेवलं, दूरचं गाव म्हणून. तिथं सैनिक न्यायचा नाही असा आम्ही नियमच केलाय.