जावई एक्स्पोर्ट करतात

सोमवारी सकाळी बरोबर सहाला माझ्याकडून १८४ संत्रा उत्पादकांना मेसेज गेला: "आजचा भाव: टनाला रुपये फक्त."

रुपये किती, ते नव्हतं. रुपये फक्त.

सहा वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन आला. साडेसातपर्यंत एकवीस. "भाऊ, आकडा खाल्ला का तुमी?" इथपासून "फुकट मांगून रायले का आता?" इथपर्यंत. एक जण म्हणाले, "बरोबर हाय तुमचा मेसेज. काल व्यापारी बगीच्यात येऊन गेला, त्यानंबी असाच भाव सांगतला." मी हसलो. ते हसले नाहीत.

मी वरुडकडच्या एका गावात राहतो आणि हे भावाचं काम फुकट करतो. (फुकट हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.) बाजारातला एक मित्र पहाटे भावाची फाइल सर्व्हरवर टाकतो, माझी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची एक छोटी फाइल, ती वाचते आणि मेसेज सोडते. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तो पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येईल अशा एका नावाखाली, ठेवलेला. रविवारी रात्री सर्व्हर बदलला. नव्या सर्व्हरवर शिरलो, बॅशआरसी नावाच्या फाइलीत एक्स्पोर्टची ओळ लिहिली (एक्स्पोर्ट म्हणजे ते नाव पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती देणं), बाहेर पडून पुन्हा आत आलो आणि स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली. भाव आला, आकड्यासकट. कौतुकाने बायकोला बोलावून दाखवला. "आला ना? झोपा मंग," ती म्हणाली. झोपलो.

एन्व्हायर्नमेंट म्हणजे परिसर. माझी पुतणी चौथीत आहे, तिला 'परिसर अभ्यास' नावाचा विषयच आहे. त्यात परिसर सगळ्यांचा एक असतो. सर्व्हरवर तसं नाही. तिथे ज्याचा त्याचा परिसर वेगळा आणि शेजारच्याच्या परिसरात काय चाललंय याची कोणाला फिकीर नाही. मी लॉगिन करून शिरतो तेव्हा बॅश, म्हणजे मी टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल, माझी ती फाइल वाचतो, म्हणून मला सगळं दिसतं. पहाटेचं काम करतो तो क्रॉन. क्रॉन म्हणजे सालदार. मागच्या दाराने येतो, सांगितल्या वेळी सांगितलं काम करतो आणि जातो. पुढच्या खोलीत भिंतीवर तुम्ही काय लिहून ठेवलंय, ते त्याने कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या खिशात मोजून चार गोष्टी: घर कुठलं, मालकाचं नाव काय, शेल कुठला आणि पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या ते. तो पाथही दोन फोल्डरांचा.

बरं, माहीत नाही तर नाही. विचारावं माणसाने! पण शेलचा स्वभाव असा की जे नाव माहीत नाही, त्याच्या जागी तो गुपचूप काहीच ठेवत नाही आणि पुढे चालू लागतो. भावाच्या फोल्डरच्या जागी काही नाही. मग फाइल शोधली ती थेट सर्व्हरच्या मुळाशी, सगळ्या फोल्डरांच्या बाहेर, तिथे ती नव्हती. मग आकड्याच्या जागीही काही नाही. मेसेज मात्र वेळेवर. हे आजचं नाही, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हे व्हेरिएबल आले तेव्हापासूनचं आहे. आणि माझं नशीब बरं म्हणायचं. २०१५ मध्ये एका नामांकित गेमवाल्या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीत असाच एक व्हेरिएबल रिकामा निघाला. "अमुक फोल्डरमधलं सगळं पुसा" या ओळीतलं अमुक गळून पडलं आणि लोकांच्या घरच्या फाइली गेल्या. माझा फक्त आकडा गेला, आणि इज्जत.

इज्जत नऊच्या एसटीने गेली. म्हणजे नऊच्या एसटीने मामाजी आले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मोर्शीकडचे, पाचशे झाडांचे मालक आणि १८४ पैकी एक. फोन न करता स्वतः आले, यावरूनच प्रकरण कुठवर गेलं ते समजलं. मी स्लॅबवर होतो, कारण घरात नेटवर्क येत नाही. लाईन गेलेली होती आणि लॅपटॉपमध्ये तेवीस टक्के उरले होते. आमच्याकडे सासरा जावयाला सरळ काही विचारत नाही, मुलीच्या मार्फत विचारतो. मुलगी चहा घेऊन वर आलेली होती.

"काय करून रायले जवाईबुवा?" त्यांनी हिला विचारलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर न करता म्हणालो, "सांग, एक्स्पोर्ट केलं होतं, पण पोचलं नाही."

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी केली आणि मांडीवर ठेवला. दुपट्टा मांडीवर आला की मामाजी जेवल्याशिवाय उठत नाहीत.

"एक्स्पोर्ट," ते हळूच म्हणाले. मग हिला, "अन् मले सांगतलं नाई कोनी?"

"बाबा, तसं नाही, ते..."

"गाडी कुठी अडकली?" आता ते थेट माझ्याशी बोलत होते. धंद्याची गोष्ट असली की मुलगी मधून गळते.

"गाडी नाही मामाजी. क्रॉनपर्यंत पोचलं नाही."

"थो कोन?"

"सर्व्हरवर असतो. पहाटेचं काम तोच पाहतो."

"आडत्या हाय का?"

मी विचार केला. नाही म्हटलं असतं तर क्रॉन समजावून सांगावा लागला असता. तेवीसचे एकवीस टक्के झाले होते. "तसंच समजा," म्हणालो. आयुष्यातल्या काही चुका माणूस पूर्ण शुद्धीत करतो.

"लेखी करून घेतलं का त्याच्यासंग?"

"लेखीच द्यायचं राहिलं होतं. तेच देतोय."

"आता? माल गेल्यावर?" मामाजींनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांनी मला तो व्यापारी सांगितला. हा व्यापारी मी साखरपुड्यापासून ऐकत आलो आहे. बगीचा पाहिला, आंबिया बहार पसंत केला, अकरा हजार इसार दिला, बाकी गाडी गेल्यावर देतो म्हणाला. गाडी गेली. "बाकी अजून येऊन रायली," मामाजी म्हणाले. हे वाक्य ते दरवेळी त्याच जागी, तितकंच थांबून म्हणतात. आणि दरवेळी मला आधी हसू येतं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून जिरतं.

मी तोवर दुरुस्ती केली होती. क्रॉनच्या यादीतच वरती व्हेरिएबल लिहून टाकला: डॉलर होम (म्हणजे सर्व्हरवरचं माझं घर), तिरकी रेघ, भाव. चाचणीसाठी मी यादीतला पहिला नंबर वापरतो. पहिला नंबर मामाजींचा, कारण यादी मी हिच्यासमोर बनवली होती.

त्यांच्या बंडीच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी फोन काढला, हात लांब केला आणि बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "आजचा... भाव... टनाला... रुपये... फक्त."

फोन खिशात गेला. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

कारण नंतर कळलं. क्रॉनच्या यादीत लिहिलेला डॉलर होम क्रॉन उलगडत नाही. जसा लिहिला तसा, अक्षरशः डॉलरसकट घेतो आणि त्या नावाचं फोल्डर शोधत बसतो. म्हणजे "माझ्या घरी ये" म्हटलं तर तो 'माझं' नावाच्या माणसाचं घर विचारत गावभर फिरणार.

"एकच ओळ आहे मामाजी, दोन मिनिटं."

"एका ओळीत झाडं किती?"

"झाडं नाहीत. लिहायची ओळ. पाथ नीट दिला नव्हता, पूर्ण द्यायला हवा होता."

'पाथ' ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. सकाळपासून मी बोललेल्यातला हा पहिलाच शब्द त्यांच्या शेतातला होता. निंदणाला, वेचणीला बायांना आपापली पाथ लावून देतात, एवढं माझ्या पुतणीलाही माहीत आहे.

"पाथच लावून देली नाई, तं बाया काय करतीन? बांधावर बसतीन अन् संध्याकाळी मजुरी मांगतीन!" मग हिच्याकडे वळून, आवाज अजिबात न उतरवता, "इंजिनेर हाय म्हने."

मला हे 'म्हने' अजून बोचतं.

पूर्ण पत्ता लिहिला. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट उणे यू' टाकलं, म्हणजे यापुढे अनोळखी नाव आलं तर निदान ओरडून थांबेल. टिंग वाजलं, आकडा आला. मामाजींनी तो पाहिला आणि म्हणाले, "लय कमी हाय." बरोबर. तेही माझ्याच खात्यात.

तरी संपलं नव्हतं, कारण हाच भाव वेबपेजवरही दाखवतो आणि तिथे तो अजून कोराच होता. वेबसर्व्हर वेगळ्या यूझरने चालतो. ना माझी बॅशआरसी त्याने वाचलेली, ना क्रॉनची यादी. त्याच्यामागे बसून पेज तयार करणारा पीएचपी-एफपीएम तर मूळ सेटिंगप्रमाणे काम सुरू करण्याआधी मिळालेला सगळा परिसर पुसून टाकतो. होस्टिंगवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला तर गोड आवाजात उत्तर आलं, "सर, आमच्या बाजूने सगळं ओके आहे." त्यांच्या बाजूने नेहमीच ओके असतं. तेव्हा तोच पत्ता तिसऱ्यांदा लिहिला, वेबसर्व्हर वाचतो त्या एचटीॲक्सेस फाइलीत, सेटएन्व्ह या त्याच्या कमांडने. तिथे वेगळी तऱ्हा. शेलमध्ये बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडली तर कमांड सापडत नाही म्हणून ओरडतो, आणि सेटएन्व्हमध्ये बरोबरचं चिन्हच नसतं, जागाच सोडायची असते.

एकाच मशीनवर, एकाच माणसाने, एकच पत्ता तीन ठिकाणी द्यायचा. मला राग आला, पण नवल वाटलं नाही. मामाजींच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार, सातबारा आणि बँकेच्या पासबुकाच्या पाच-पाच झेरॉक्स कायम असतात. प्रत्येक टेबलाला त्याची त्याची झेरॉक्स लागते. शेजारच्या टेबलावर दिली आहे म्हटलं तर "ते वेगळं" असं उत्तर येतं. मागे एका ठिकाणी त्यांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी निघालं आणि नुकसानीचे पैसे दोन हंगाम अडकले. तिथे निदान रांगेत सावली होती, असं ते म्हणतात. हे ते विनोदाने म्हणतात की कसं, मला अजून कळलेलं नाही.

जेवणं झाली. मामाजी दोनच्या एसटीने परत गेले. जाताना हिला म्हणाले, "त्याइले म्हना, बांगलादेशचं जपून. तिकडं ड्यूटी लय वाढवली." मी दारात उभा राहून मान डोलावली. पाच तासांत खुलासा करायची हिंमत झाली नव्हती, ती एसटीच्या वेळेला कुठून होणार?

मंगळवारी सहाला १८४ मेसेज आकड्यासकट गेले. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, रात्रीचे, कारण तो आपल्या साडेपाच तास मागे चालतो. सुरुवातीला ते विसरलो होतो आणि पहिला भाव साडेअकराला गेला होता. असो. आकडा बरोबर आला तर कोणी फोन करत नाही. सात वाजेपर्यंत फोन शांत होता.

सात वाजून दहा मिनिटांनी वाजला. हिचा चुलतभाऊ, मोर्शीहून.

"भाऊजी, मोठेबाबांनं सांगतलं काल. आमच्याकडं दोन टन बारीक माल पडला हाय. बांगलादेशले बारीकच चालते ना?"

"अरे, ते एक्स्पोर्ट म्हणजे..."

"मले सांगू नका, मी बाहेर बोलनार नाई. फक्त एक इचारतो. सकाळी मेसेजात आला थोच भाव देसान ना?"